मनगटापर्यंतचा हात

इंग्रजी शिकवणाऱ्या आपल्याकडच्या पुस्तकांत वाक्प्रचारांची जागा ठरलेली असते. शेवटची काही पाने, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ आणि वर सूचना: पाठ करा. या मांडणीमागे एक गृहीत आहे. वाक्प्रचार ही भाषेची लहर. तिला कारण नसते, म्हणून ती समजून घेता येत नाही, घोकावीच लागते. पुढच्या पानांत ‘हँड’ या एकाच इंग्रजी शब्दाचा गोतावळा जमवला आहे तो हे गृहीत खोडून काढण्यासाठी. शब्द मुद्दाम रोजचा निवडला आहे. मराठीत तो केव्हाच येऊन राहिला आहे: सेकंडहँड गाडी, हँडलूमची साडी, हँडब्रेक, शॉर्टहँडचा क्लास, बिघडलेले हँडरायटिंग, स्थळ म्हणून आलेला हँडसम मुलगा आणि अवघड प्रकरण ‘हँडल’ करणारा साहेब. इतक्या ठिकाणी भेटणारा शब्द ओळखीचा वाटणारच. पण आपल्याला त्याची ओळख ‘हँड म्हणजे हात’ एवढ्यावरच झालेली असते, आणि पुढच्या बहुतेक अडचणी तिथेच सुरू होतात.

कारण हँड म्हणजे हात नव्हे. निदान पुरता हात नव्हे. मराठी हात खांद्यापासून निघतो आणि बोटांच्या टोकाशी संपतो. दंड, कोपर, मनगट, तळहात हे सगळे त्याचेच भाग, त्यामुळे ‘हात मोडला’ असे ऐकले की हाड नेमके कुठले हे पुन्हा विचारावे लागते. इंग्रजी हँड मनगटाशीच थांबतो. त्याच्या वरचा सगळा मुलूख ‘आर्म’चा, आणि ही हद्द इंग्रजी बोलणारा सहसा ओलांडत नाही. शाळेत ही गोष्ट एका ओळीत सांगून होते, पण तिचे परिणाम भाषेभर पसरलेले आहेत. आपण एखाद्याला चार हात लांब ठेवतो, इंग्रज त्याला ‘आर्म्स लेंग्थ’वर ठेवतो. आपल्याकडे कायद्याचे हात लांब असतात, त्यांच्याकडे कायद्याचा आर्म लांब असतो. दांडगाईने काम करवून घेणे हेही तिकडे ‘स्ट्राँग-आर्म’ करणेच. लांबी, पोहोच आणि जोर ही तिन्ही खाती अशी आर्मकडे गेली. मोजमापातही हाच भेद दिसतो. मराठी हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर, साधारण दीड फूट. विहिरीची खोली आणि दोराची लांबी त्याच हाताने सांगत. इंग्रजी हँड हेही माप आहे, पण ते आडवे, तळहाताच्या रुंदीचे. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीच्या कायद्याने ते चार इंचांवर पक्के झाले आणि आज घोड्यांच्या उंचीपुरते उरले आहे. घोड्यांच्या व्यवहारात ‘१४.२’ असे लिहिलेले आढळते. त्याचा अर्थ १४ हँड आणि २ इंच, म्हणजे ५८ इंच. दशांश चिन्ह समजून वाचणारा हमखास फसतो, कारण तिथे १४.३ नंतर १४.४ येत नाही, एकदम १५ येतात. मनगटाशी तोडलेल्या या हाताला लांबी अशी उरलेली नाही. उरली आहे ती पकड.

पकडीचे काम दोन प्रकारचे: धरून ठेवणे आणि राबणे. हँडच्या गोतावळ्यातले बहुसंख्य शब्द या दोन अर्थांतून निघाले, असा या संग्रहाचा दावा आहे. पहिल्या अर्थाने हँड म्हणजे ताबा. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १२७९ मध्ये ‘मॉर्टमेन’विरुद्ध कायदा केला. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ मेलेला हात. चर्चला दिलेली जमीन विकली जात नसे, तिचा मालक मरत नसे, वारस बदलत नसे. त्यामुळे वारसा बदलताना वरच्या जमीनदाराला आणि राजाला जे मिळायचे ते कायमचे बुडे. हात मेला पण मूठ सुटली नाही, अशी ती कल्पना. इंग्रजीत आजही जुन्या नियमांच्या जाचाला ‘डेड हँड’ म्हणतात. इतर मालमत्ता मात्र ‘चेंजेस हँड्स’, आणि एकदा हात बदलला की ती ‘सेकंडहँड’ होते. बातमी ज्याने स्वतः पाहिली त्याच्याकडून आली तर ‘फर्स्टहँड’. पत्त्यांच्या डावात वाटून आलेली पाने म्हणजे तुमचा ‘हँड’; तो दुसऱ्याला दाखवायचा नसतो, म्हणून ‘शोइंग वन्स हँड’ म्हणजे आपले बेत उघडे करणे. चार घोड्यांचे लगाम एकाच गाडीवानाच्या मुठीत आले की ती गाडी ‘फोर-इन-हँड’, आणि प्रकरण मुठीत राहिले नाही की ‘आउट ऑफ हँड’.

या शेवटच्याकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. अर्ज ‘रिजेक्टेड आउट ऑफ हँड’ म्हणजे तडकाफडकी फेटाळलेला. सभा ‘गॉट आउट ऑफ हँड’ म्हणजे हाताबाहेर गेलेली. शब्द तेच तीन, अर्थ दोन, आणि यादीत ते एकाखाली एक छापले की वाचणाऱ्याला इंग्रजी भाषा चक्रम वाटू लागते. पण मुठीचा विचार केला की दोन्ही सरळ आहेत. हातातून सुटले ते थेट सुटले, मध्ये विचाराला थांबले नाही, हा एक आणि जुना अर्थ. ‘ऑफहँड’ उत्तर त्याच जातीचे. हातातून सुटले ते आता आवरत नाही, हा दुसरा. सुटण्याची क्रिया एकच, एका अर्थात लक्ष सुटण्याच्या वेगाकडे आहे, दुसऱ्यात सुटल्यानंतरच्या गोंधळाकडे.

राबणाऱ्या हँडचा इतिहास जास्त खडबडीत आहे. जहाजावरच्या खलाशाला सतराव्या शतकापासून हँड म्हणत आले. ‘ऑल हँड्स ऑन डेक’ ही आज कुठल्याही ऑफिसात मार्चअखेरीस ऐकू येणारी हाक मुळात वादळातली. जहाज बुडून कोणीही वाचले नाही तर ते ‘लॉस्ट विथ ऑल हँड्स’. बुडाली माणसे, पण वाक्यात बुडतात हात. दोरावर एकापुढे एक हात टाकत भराभर चढणे हे ‘हँड ओव्हर हँड’, त्याचेच पुढे ‘हँड ओव्हर फिस्ट’ झाले आणि आता त्या चालीने फक्त पैसा कमावला जातो. मग कारखाने आले आणि मजुरांनाही हँड्स म्हणू लागले. डिकन्सने १८५४ च्या ‘हार्ड टाइम्स’मध्ये या शब्दावरच कोरडे ओढले आहेत: माणसाच्या उरलेल्या शरीराचे आणि मनाचे काय, हा त्याचा प्रश्न. शब्द मात्र टिकला आणि आपल्यापर्यंतही पोचला. मुंबईच्या गिरणीमालक संघाच्या इंग्रजी तक्त्यांत प्रत्येक गिरणीपुढे चात्या किती, माग किती आणि त्याच ओळीत रोजचे ‘हँड्स’ किती असे रकाने असत. मराठीतही हात राबतात, हाताला काम नसते, पण माणसांची मोजणी आपण हातांवर सहसा करत नाही. फार तर तोंडांवर करतो: घरात खाणारी तोंडे किती? मालकाच्या हिशेबाची भाषा आणि घरधन्याच्या हिशेबाची भाषा यांतला हा फरक असावा, असे मला वाटते.

यंत्र आल्यावर हँडला आणखी एक काम मिळाले: यंत्र नव्हे ते दाखवण्याचे. कार्टराइटने यंत्रमागाचे पेटंट १७८५ मध्ये घेतले. त्याआधी सगळेच माग हाताने चालत असताना ‘हँडलूम’ असे वेगळे म्हणण्याचे कोणाला कारण नव्हते. मराठीतही हातमाग हे नाव यंत्रमागाच्या शेजारी उभे राहिल्यावरच अर्थपूर्ण होते. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीत दोन्ही शब्द जोडीनेच वावरतात. या एका बाबतीत दोन्ही भाषांची पावले इतकी जुळतात की कोणी कोणाचे उचलले असे विचारण्यात अर्थ नाही. गरज तीच होती, उपायही तोच सापडला.

आता आक्षेप. पहिला असा की ताबा आणि राबणे या दोन अर्थांत सगळे कोंबण्याची ही हौस आहे. घड्याळाचा हँड काही धरतही नाही आणि राबतही नाही. ‘ऑन द अदर हँड’मध्ये कसली पकड? आक्षेप रास्त आहे. घड्याळाचा हँड दाखवणारा आहे. मध्ययुगीन हस्तलिखितांच्या समासात महत्त्वाच्या ओळीकडे बोट करणारा छोटा पंजा काढत, त्याचा तो भाऊबंद. आपण त्यालाच काटा म्हटले, म्हणजे आपल्याला तिथे हात दिसलाच नाही. डावे-उजवे ही हाताची आणखी एक वाट, आणि ‘ऑन द अदर हँड’ तिच्यावरचा. ॲडम स्मिथच्या प्रसिद्ध ‘इनव्हिजिबल हँड’ची गत अशीच. १७७६ च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये तो एकदाच येतो, आणि तो माणसाला न कळत नेणारा, वाट दाखवणारा हात आहे. तेव्हा दावा थोडा आवरून मांडतो: सगळे शब्द नव्हे, पण बहुसंख्य, आणि जे उरतात तेही तळहात-बोटांच्याच कामांतून निघतात, दंड-कोपराच्या नव्हे. मनगटाची हद्द एवढ्याने मोडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. इंग्रज स्वतः बोलताना यातले काही आठवत नाहीत. सेकंडहँड पुस्तक घेणाऱ्याच्या मनात कोणाचा हात नसतो. मग ज्याला ती भाषा फक्त वापरायची आहे त्याने हा इतिहास का वागवावा? शिवाय इतिहास दगाही देतो. ‘हँडसम’ पंधराव्या शतकात ‘हाताळायला सोपा’ या अर्थाने सुरू झाला, मग ‘योग्य’, ‘घसघशीत’ अशी वळणे घेत रूपवान झाला. मूळ कळून आजचा अर्थ कळत नाही, हे कबूल. पण मधला एक टप्पा कळला तर ‘हँडसम मॅन’ आणि ‘हँडसम अमाउंट’ एकाच शब्दाचे कसे, हे कोडे सुटते. घोकून ते सुटत नाही. आणि मूळ रीत विसरली तरी ती मेलेली नसते, याचा पुरावा नव्या शब्दांत मिळतो. दुसऱ्याने ओढलेल्या सिगारेटचा धूर आपल्या छातीत गेला तर त्याला इंग्रजीत ‘सेकंडहँड स्मोक’ म्हणू लागले, तेही फार जुने नाही, विसाव्या शतकात. त्या धुराला कोणाचाच हात लागलेला नाही. लागली आहेत फुप्फुसे. तरी शब्द ऐकताक्षणी सर्वांना कळला, कारण एकाने वापरून दुसऱ्याकडे आलेली वस्तू ही कल्पना बोलणाऱ्यांच्या मनात जागी आहे. ‘हँड्स-फ्री’ फोन आणि ‘हँड्स-ऑन’ प्रशिक्षण हीही तशीच नवी पोरे.

रुमालाचे उदाहरण मात्र थोडे सविस्तर द्यायला हवे, कारण त्यात मराठी माणसाला घरबसल्या पुरावा मिळतो. ‘हँडकर्चीफ’मधला कर्चीफ हा जुन्या फ्रेंचमधून आला, त्याचा अर्थ डोके झाकणारे. डोक्यावरचे कापड हातात आले म्हणून हँडकर्चीफ, म्हणजे ‘हाताचे डोके-झाकण’. मग ते खिशात गेले आणि ‘पॉकेट हँडकर्चीफ’ झाले: खिशातले, हाताचे, डोके-झाकण. एकाही इंग्रजाला यात विसंगती जाणवत नाही. आपण हसण्यापूर्वी आपला ‘हातरुमाल’ उलगडून बघावा. रुमाल फारसी, ‘रू’ म्हणजे चेहरा, ‘माल’ म्हणजे पुसणारे. हाताचे तोंड-पुसणे! शिवाय मराठीत रुमाल डोक्यालाही बांधत आणि दप्तरातले कागद बांधायलाही वापरत. पेशवे दप्तराचे कागद रुमालांतच बांधून ठेवलेले होते. कापड तेच, कामे अनेक, म्हणून कुठला रुमाल हे सांगायला पुढे ‘हात’ जोडावा लागला. इंग्रजीलाही नेमक्या याच कारणाने हँड जोडावा लागला. दोन परक्या भाषा, दोन उसने शब्द आणि एकच जोडकाम. याला लहर म्हणता येणार नाही.

मुळाचा शोध घेताना खोट्या कथांपासून जपावे लागते, हा तिसरा मुद्दा आक्षेपापेक्षा इशारा म्हणून घ्यावा. ‘हँडीकॅप’ म्हणजे हातात टोपी घेऊन भीक मागणारा अपंग, ही कथा जगभर फिरते आणि पुष्कळ शिकलेली माणसेही ती सांगतात. ती खोटी आहे. ‘हँड इन कॅप’ हा सतराव्या शतकातला अदलाबदलीचा खेळ होता. सॅम्युअल पेपिसच्या १६६० च्या रोजनिशीत त्याचा उल्लेख आहे (ही रोजनिशी त्याने शॉर्टहँडमध्ये लिहिली, हा हँडच्या चरित्रातला आणखी एक योगायोग). दोघांना वस्तू बदलून घ्यायच्या असत, तिसरा पंच. दोन वस्तूंच्या किमतीतला फरक किती, म्हणजे कमी मोलाची वस्तू देणाऱ्याने वर किती द्यायचे, ते पंच ठरवी. थोडे पैसे आधीच टोपीत टाकलेले असत. मग दोघे एकाच वेळी हात बाहेर काढून दाखवत. सौदा मान्य की अमान्य हे हात रिकामा की भरलेला यावरून कळे. दोघांचे मत जुळले तर टोपीतले पैसे पंचाचे. म्हणून पंचाचा फायदा फरक अगदी चोख काढण्यात. हीच कल्पना अठराव्या शतकात घोड्यांच्या शर्यतीत गेली: चांगल्या घोड्यावर जादा वजन, म्हणजे सगळ्यांना सारखी संधी. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हँडीकॅप शर्यती होतात त्या याच अर्थाने. शर्यतीतला हँडीकॅप उत्तम घोड्याला मिळतो, दुबळ्याला नव्हे. त्या वजनावरून अडचण, अडचणीवरून अपंगत्व, हा प्रवास विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. माणसांसाठी हा शब्द आज टाळला जातो, ते योग्यच आहे. पण टाळण्याचे कारण म्हणून भिकाऱ्याची कथा पुढे करण्याची गरज नाही. या संग्रहात जिथे मूळ पक्के आहे तिथेच ते दिले आहे. जिथे केवळ रंजक आहे तिथे गाळले आहे, आणि त्यामुळे काही नोंदी वाचकाला कोरड्या वाटतील.

शेवटचा आक्षेप नेहमीचा: हात सगळ्यांनाच असतात, तेव्हा हाताचे वाक्प्रचार सगळीकडे सारखेच असणार. काही असतातही. ‘हँड टू माउथ’ जगणाऱ्याचे आपल्याकडे हातावर पोट असते. त्यांचा ‘राइट-हँड मॅन’ आपला उजवा हात. ‘हँडसेल’ हा आता जवळजवळ विस्मृतीत गेलेला शब्द नॉर्स भाषेतून आला. हातात हात देऊन सौदा पक्का करणे हा त्याचा मूळ अर्थ, आणि पुढे त्यातून सकाळी दुकान उघडल्यावर हाती पडणारा पहिला पैसा. मंडईतली कुठलीही भाजीवाली त्याला भवानी म्हणेल आणि तो पैसा कपाळाला लावेल. पण सारखेपणावर विसंबणाऱ्याला पुढच्याच वळणावर ठेच लागते. ‘वॉशिंग वन्स हँड्स’ म्हणजे जबाबदारी झटकून मोकळे होणे. मत्तयाच्या शुभवर्तमानात पिलाताने गर्दीसमोर हात धुतले तिथून ते आले. मराठीत हात धुऊन माणूस मोकळा होत नाही, तो हात धुऊन मागे लागतो. ज्याला पिलात ठाऊक नाही त्याने हे वाक्य शब्दशः उलथवले तर अर्थ बरोबर उलटा होईल. ‘अंडरहँड’ म्हणजे लबाडीचा, पण आपल्याकडे साहेबाच्या हाताखाली काम करण्यात काही गैर नाही. ‘लेफ्ट-हँडेड कॉम्प्लिमेंट’ ही स्तुतीच्या मिषाने केलेली हेटाळणी. आपला डाव्या हाताचा खेळ म्हणजे सहज जमणारे काम. शरीर सगळ्यांचे एकच असले तरी त्यातल्या कुठल्या अवयवाला कोणत्या कामाला जुंपायचे हे प्रत्येक समाज आपल्या बंदरात, तबेल्यात, देवळात आणि बाजारात ठरवतो. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात ‘हात’ या शब्दाखाली वाक्प्रचारांची लांबलचक रांग लागली आहे. ती या पुस्तकाशेजारी ठेवून वाचली तर कुठे जुळते आणि कुठे बिनसते हे कोणालाही तपासता येईल.

एक खुलासा राहिला. लॅटिनमध्ये हाताला ‘मानुस’ म्हणतात आणि त्याचे इंग्रजीतले कूळ हँडइतकेच मोठे आहे: मॅन्युअल, मॅन्युस्क्रिप्ट, मॅन्युफॅक्चर, मॅनिक्युअर. तेही घ्यायचे का, हा प्रश्न संग्रह करताना होताच. दोन्ही कुळांत एकाच वस्तूवरून भांडणेही झाली आहेत. पुस्तिकेला जुन्या इंग्रजीत हँडबुकच म्हणत; मग मॅन्युअलने त्याला हुसकावले, आणि एकोणिसाव्या शतकात हँडबुक परतले तेव्हा तो नवा, ओबडधोबड शब्द म्हणून लोकांनी नाके मुरडली. जॉन मरे या प्रकाशकाने १८३६ पासून प्रवाशांसाठी हँडबुके काढून त्याला प्रतिष्ठा दिली. १८५९ मध्ये त्याच मालेत मुंबई इलाख्याचे हँडबुकही निघाले. तरीही मानुसचे कूळ इथे वगळले आहे, कारण त्या शब्दांतला हात इंग्रजी बोलणाऱ्यालाही दिसत नाही. तो लॅटिन शिकलेल्यालाच दिसतो. अपवाद करावा असा मोह एकाच शब्दाचा झाला, मॅनेजरचा. तो इटालियनमधून आला आणि तिथे त्या क्रियापदाचा अर्थ होता घोडा हाताळून शिकवणे.